‘मेदिची’ : अर्थ, उच्चार आणि मराठीतील रूपे

पृच्छा

युरोपातील प्रबोधनकाळावरच्या एका लेखाचे मराठी भाषांतर करताना एका इटालियन आडनावापाशी अडले आहे. फ्लोरेन्स नगरावर सत्ता गाजवणाऱ्या त्या सुप्रसिद्ध घराण्याचे नाव मराठी पुस्तकांत मेडिसी, मेडिची, मेडीची आणि मेदिची असे नाना तऱ्हांनी लिहिलेले आढळते. यांतले कोणते ग्राह्य मानावे? शिवाय ‘मेडिची बँक’ असे लिहिले की ते षष्ठीचे रूप वाटते; एका वाचकाने तर ‘ही मेडी कोण?’ असे मला खरोखरच विचारले. या आडनावाचा अर्थ ‘वैद्य’ असा आहे, असेही वाचनात आले. तसे असेल तर वैद्यांचे घराणे पेढीवर आणि पेढीवरून राज्यकारभारात कसे आले? जाणकारांनी खुलासा करावा, ही विनंती.

उत्तर

आधी अर्थ पाहू, कारण लेखनाचे आणि रूपांचे बरेचसे प्रश्न अर्थ कळला की आपोआप सुटतात. इटालियन भाषेत ‘मेदिको’ म्हणजे वैद्य आणि त्याचे अनेकवचन ‘मेदिची’. मूळ शब्द लॅटिन ‘मेदिकुस’, त्याच्या मागे ‘बरे करणे’ या अर्थाचा धातू. मेडिसिन, मेडिकल हे आपल्या तोंडी रुळलेले शब्द याच कुळातले; ‘कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून गोळ्या आण’ असे आपण रोज म्हणतो, त्यातला मेडिकल आणि फ्लोरेन्सचे मेदिची हे व्युत्पत्तीने भाऊबंदच ठरतात. संस्कृत ‘मेद’ म्हणजे चरबी किंवा ‘मेधा’ म्हणजे बुद्धी यांच्याशी मात्र या शब्दाचा काहीही संबंध नाही. ध्वनी जुळला की नाते जोडण्याचा मोह आपल्याकडे फार आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

इटालियन आडनावे पुष्कळदा अनेकवचनी रूपात असतात, कारण ती एका माणसाची नसून कुळाची ओळख असते. ‘रोस्सो’ म्हणजे तांबडा, आडनाव रोस्सी. ‘बियांको’ म्हणजे पांढरा, आडनाव बियांकी. ‘दे मेदिची’ यातील ‘दे’ हा ‘देई’चा संक्षेप असून त्याचा अर्थ ‘च्या’, ‘पैकी’ असा होतो. ‘कोसिमो दे मेदिची’ म्हणजे शब्दशः ‘वैद्यांपैकी कोसिमो’, आणि आपल्या रीतीने म्हणायचे तर सरळ ‘कोसिमो वैद्य’. इटालियन लेखनात या ‘दे’नंतर लोपचिन्ह असते, मराठीत त्याची गरज नाही. मात्र ‘दि मेडिची’ असे लिहू नये. ते इंग्रजीतील ‘दि’ वाटते, आणि इटालियनमध्ये ‘दी’ हा वेगळाच शब्द असून त्याचे काम वेगळे आहे.

ते काम मराठी माणसाला चटकन कळेल असे आहे. पेढीच्या संस्थापकाचे पूर्ण नाव जोव्हान्नी दी बिच्ची दे मेदिची. बिच्ची हे वडिलांचे रूढ नाव. म्हणजे आधी स्वतःचे नाव, मग ‘दी’ लावून वडिलांचे, शेवटी ‘दे’ लावून कुळाचे. अगदी आपल्या नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमासारखे. जोव्हान्नीचा मुलगा लोरेन्झो आणि पणतू लोरेन्झो यांत गोंधळ होऊ नये म्हणून जुन्या कागदांत ‘लोरेन्झो दी पिएरो दी कोसिमो’ अशी आजोबांपर्यंतची साखळीही येते. तिसरा शब्द ‘दा’ हा गावासाठी असतो: लिओनार्दो दा व्हिंची म्हणजे व्हिंची गावचा, आपल्या भाषेत व्हिंचीकर. दी, दे आणि दा या तिघांत भाषांतरकाराने गल्लत केली की बापाचे कूळ होते आणि कुळाचे गाव होते.

आता वैद्य आणि सराफीच्या प्रश्नाकडे वळतो. आडनावाचा अर्थ वैद्य आहे एवढ्यावरून घराण्याचा मूळपुरुष वैद्यकी करीत होता असे सिद्ध होत नाही. आपल्याकडे आडनाव जोशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पंचांगाशी संबंध नाही, अशी घरे काय कमी आहेत? चिंतामण विनायक वैद्य हे इतिहासकार आणि कायदेपंडित होते. त्यांचे आडनाव वाचून कोणी त्यांच्याकडे काढा मागायला गेले नसेल. मेदिची हे फ्लोरेन्सच्या उत्तरेकडील मुजेल्लो खोऱ्यातून नगरात आलेले कुटुंब. जोव्हान्नीने 1397 मध्ये फ्लोरेन्समध्ये पेढी उभी केली, आणि तो सभासद होता तो नाणेबदल करणाऱ्या सराफांच्या श्रेणीचा. आडनाव वैद्य, धंदा सराफी, अशी ही स्थिती होती.

येथे भाषांतरकाराला हमखास पाडणारा एक खड्डा आहे, त्यापाशी थोडे थांबणे आवश्यक वाटते. फ्लोरेन्सच्या इतिहासात ‘आर्ते देई मेदिची ए स्पेत्सियाली’ असा शब्दप्रयोग वारंवार येतो. ‘आर्ते’ म्हणजे कला असे समजून आणि ‘मेदिची’ म्हणजे ते घराणे असे समजून ‘मेदिची घराण्याची कला’ असे भाषांतर केले, तर दोन्ही शब्द चुकतात. येथे ‘आर्ते’ म्हणजे व्यावसायिकांचा संघ, ‘मेदिची’ म्हणजे खरेखुरे वैद्य आणि ‘स्पेत्सियाली’ म्हणजे औषधे व मसाल्याचे पदार्थ विकणारे. थोडक्यात, वैद्य आणि गांधी यांची श्रेणी. (गांधी हा शब्द येथे सुगंधी द्रव्ये व औषधी विकणारा या जुन्या अर्थाने घ्यावा.) महाकवी दान्ते 1295 मध्ये या श्रेणीत दाखल झाला, कारण नगराच्या राजकारणात पद मिळवायचे तर कोणत्या तरी श्रेणीचे सभासदत्व लागे, रंगद्रव्ये याच दुकानांत मिळत असल्यामुळे चित्रकारही तिच्यात मोडत. म्हणजे दान्ते ‘मेदिचीं’च्या श्रेणीत होता आणि जोव्हान्नी मेदिची नव्हता! ‘संघ’ किंवा ‘मंडळ’ याऐवजी मी ‘श्रेणी’ हा शब्द सुचवतो. प्राचीन भारतातील व्यावसायिकांच्या संघटनांसाठी तो रूढ आहे, आणि अशा संघटना ठेवी स्वीकारीत असल्याचे नाशिकच्या लेण्यांतील शिलालेख सांगतात. त्यामुळे तो या संदर्भात उपरा वाटत नाही.

त्याच न्यायाने ‘मेदिची बँक’ याऐवजी ‘मेदिचींची पेढी’ मला अधिक आवडते. ‘बँक’ या शब्दाच्या मुळाशी इटालियन ‘बांको’ म्हणजे बाकडे किंवा टेबल आहे, ज्यावर नाणी मांडून सराफ बसे. आणि आपली ‘पेढी’ही बैठकीवरूनच आली. मेदिचींच्या पेढीचा मुख्य व्यवहार हुंड्यांचा होता. व्याज घेणे चर्चच्या दृष्टीने पाप होते, म्हणून फ्लोरेन्समध्ये दिलेले पैसे लंडनला किंवा ब्रूज येथे वेगळ्या चलनात परत घ्यायचे आणि नफा चलनांच्या दरातल्या फरकात बसवायचा, अशी ती युक्ती होती. या व्यवहारासाठी मराठीत ‘हुंडी’ आणि तिच्या वटणावळीसाठी ‘हुंडणावळ’ असे नेमके शब्द शेकडो वर्षे वापरात असताना ‘विनिमय-विपत्र’ असले काही घडवण्याचे कारण नाही.

उच्चाराविषयी. इटालियन ‘द’ हा जिभेचे टोक दातांना लावून उच्चारतात, म्हणजे तो आपला दंत्य द आहे, मूर्धन्य ड नव्हे. ड आला तो इंग्रजीच्या वाटेने. मूळ अक्षर आपल्या वर्णमालेत जसेच्या तसे असताना इंग्रजांच्या जिभेची अडचण आपण का वाहावी? आघात पहिल्या अक्षरावर, ‘मे’वर आहे. शेवटचा ध्वनी ‘ची’. आणि मराठीत इ-ई पुढे आली की च नेहमी तालव्यच होतो, ‘चमचा’तल्यासारखा दंततालव्य होत नाही, त्यामुळे मराठी वाचक ‘मेदिची’ वाचेल तो उच्चार जवळजवळ बिनचूक असेल. मेडिसी हे रूप इंग्रजी अक्षरे पाहून केलेला तर्क आहे आणि ते टाकून द्यावे. फ्रेंचमध्ये मात्र हेच आडनाव ‘मेदिसिस’ असे होते, शेवटच्या स-सकट. 1572 च्या सेंट बार्थोलोम्यू हत्याकांडाच्या संदर्भात जिचे नाव घेतले जाते ती फ्रान्सची राजमाता कातरीन आणि चौथ्या हेन्रीची राणी मारी या दोघी माहेरच्या मेदिची. फ्रान्सच्या इतिहासावर लिहिताना ‘कातरीन द मेदिसिस’ असे लिहिले तर चूक नाही, पण एकाच लेखात दोन्ही रूपे आली तर ती एकच आहेत, हे वाचकाला सांगणे भाग आहे.

आता आपल्या मूळ अडचणीवर येतो. ‘-ची’ने संपणारे नाव मराठीत षष्ठीसारखे दिसणारच. पण ऱ्हस्व-दीर्घाचा नियम येथे आपल्या मदतीला येतो. ‘नदी’ची षष्ठी ‘नदीची’, ‘मेंदी’ची ‘मेंदीची’. प्रत्ययापूर्वीची ई दीर्घच राहते. ‘मेदिची’मध्ये मात्र दि ऱ्हस्व आहे, कारण तो एकसंध शब्द असून अन्त्य स्वर दीर्घ असताना त्याचे उपान्त्य इकार-उकार ऱ्हस्व लिहावेत, हा आपलाच नियम त्याला लागतो, ‘गरिबी’ लिहितो तसे. ‘मेडीची’ असे दीर्घ लिहिले की हा भेद पुसला जातो आणि ‘ही मेडी कोण?’ हा प्रश्न रास्तच ठरतो. म्हणून ऱ्हस्व ‘दि’ ही येथे केवळ शुद्धलेखनाची शिस्त नसून अर्थाची खूण आहे.

विभक्ती लावताना एकवचनी ‘मेदिचीची’ कानाला खटकते. ‘गांधींची’, ‘जोशींचा’ याप्रमाणे अनेकवचनी रूप घ्यावे: मेदिचींनी, मेदिचींना, मेदिचींची. आडनाव मुळातच अनेकवचन असल्याने ते व्याकरणालाही धरून आहे. जेथे प्रत्यय न लावता विशेषणासारखे वापरायचे आहे तेथे ‘मेदिची घराण्याची पेढी’ असे मध्ये ‘घराणे’ घालावे, म्हणजे संदिग्धता राहत नाही.

घराण्याने या अर्थाचा खेळ स्वतः किती केला, हेही पाहण्यासारखे आहे. जोव्हान्नीच्या मुलाचे कोसिमो हे नाव संत कोस्मास यांच्यावरून आलेले. कोस्मास आणि दामियन हे जुळे संत वैद्य होते आणि मेदिचींनी त्यांना आपले कुलरक्षक मानले. फ्रा अँजेलिकोने सान मार्को मठासाठी कोसिमोच्या खर्चाने रंगवलेल्या वेदीचित्रात हे दोन्ही वैद्य-संत अग्रभागी गुडघे टेकून आहेत, त्यांतला एक मान वळवून थेट आपल्याकडे पाहतो. घराण्याच्या ढालीवरील तांबड्या गोळ्यांना ‘पाल्ले’ म्हणजे चेंडू म्हणत. या औषधाच्या गोळ्या आहेत असे लोक सांगत आले आहेत, तर काहींच्या मते ती सराफांच्या श्रेणीची नाणी आहेत. त्यांची संख्या पिढीगणिक बदलत शेवटी सहावर स्थिरावली, आणि वरचा गोळा निळा होऊन त्यावर लिली फुले आली ती 1465 मध्ये फ्रान्सच्या अकराव्या लुईने दिलेल्या मानामुळे. मला औषधाच्या गोळ्यांची कथा मागाहून आडनावावरूनच रचलेली वाटते.

आडनावांच्या अर्थाचा सर्वांत विलक्षण योग 26 एप्रिल 1478 रोजी आला. त्या दिवशी फ्लोरेन्सच्या मुख्य चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना कोसिमोचा नातू लोरेन्झो आणि त्याचा धाकटा भाऊ जुलियानो यांच्यावर खंजिरांनी हल्ला झाला. जुलियानो जागीच ठार झाला. लोरेन्झो मानेवर जखम घेऊन बाजूच्या दालनात शिरला आणि दारे लावून वाचला. या कटातले प्रमुख घराणे होते पाझ्झी, तेही सराफच. ‘पाझ्झो’ म्हणजे वेडा, त्याचे अनेकवचन ‘पाझ्झी’. म्हणजे आडनावे शब्दशः घेतली तर वेड्यांनी वैद्यांवर शस्त्र धरले. याकोपो पाझ्झी घोड्यावरून ‘लोक आणि स्वातंत्र्य!’ असे ओरडत चौकात आला, तर जमावाने त्याला ‘पाल्ले! पाल्ले!’ असे उत्तर दिले. पुढे नगराने जी शिक्षा फर्मावली तिच्यात केवळ फाशी नव्हती. पाझ्झी हे नाव आणि त्यांचे कुलचिन्हही सर्वत्र पुसून टाकावे, असा आदेश निघाला. आडनाव ही काय वस्तू आहे, हे त्या काळच्या लोकांना आपल्याहून नीट कळत होते, असे मला हा आदेश वाचल्यापासून वाटते.

राहिला पदांचा प्रश्न. पंधराव्या शतकातील मेदिचींना ‘राजे’ किंवा त्यांच्या कलाकारांना दिलेल्या आधाराला ‘राजाश्रय’ म्हणू नये. फ्लोरेन्स प्रजासत्ताक होते. सर्वोच्च पद दोन महिन्यांच्या मुदतीचे होते आणि कोसिमोने ते स्वतः क्वचितच भूषवले. 1433 मध्ये हद्दपार होऊन 1434 मध्ये परतल्यावर तीस वर्षे त्याने आपली माणसे त्या पदांवर येतील अशी व्यवस्था ठेवली. यासाठी मराठीत ‘मुत्सद्दी’ इतका चपखल शब्द दुसरा नाही. लोरेन्झोचेच पाहा: पाझ्झी कटानंतर पोप आणि नेपल्सचा राजा या दोघांशी युद्ध जुंपले असता डिसेंबर 1479 मध्ये तो स्वतः शत्रूच्या राजधानीत, नेपल्सला गेला आणि पुढच्या वर्षी तह घेऊनच परतला. त्याच्या नावापुढील ‘इल माग्निफिको’चे भाषांतर ‘वैभवशाली’ असे करतात. पण तो त्या काळी राजपद नसलेल्या मातब्बरांना लावायचा मानाचा शब्द होता. ‘श्रीमंत’ बाजीराव पेशवे म्हणताना आपण त्यांच्या संपत्तीविषयी बोलत नसतो, तसेच हे आहे. ‘श्रीमंत लोरेन्झो’ असे मी लिहिणार नाही, कारण त्याला फारच पुण्याचा वास येईल. पण ‘माग्निफिको’ तसेच ठेवून एकदा हा खुलासा द्यावा. राजेपणाची भाषा 1532 नंतर, आलेस्सांद्रो ड्यूक झाल्यावर, आणि 1569 मध्ये पहिला कोसिमो (वरच्या कोसिमोहून वेगळा) टस्कनीचा ग्रँड ड्यूक झाल्यावर मगच योग्य ठरते.

पुरवणी शंका

वरील विवेचन उपयुक्त आहे. परंतु मेदिची आडनावाचे चार पोप झाले असे वाचले आहे, शिवाय गॅरिबाल्डीच्या सैन्यातही एक मेदिची आढळतो. फ्लोरेन्सचे घराणे तर अठराव्या शतकात संपले. मग ही सर्व मंडळी एकाच कुळातली कशी?

खुलासा

शंका योग्य आहे आणि उत्तर ‘नाही’ असे आहे. दहावे लिओ, सातवे क्लेमेंट आणि 1605 मध्ये एक महिनाही पदावर न राहिलेले अकरावे लिओ हे तिघे फ्लोरेन्सच्या मेदिचींपैकी. ज्यांच्या कारकिर्दीत 1563 मध्ये ट्रेंटची धर्मपरिषद समाप्त झाली ते चौथे पायस मात्र मिलानच्या एका स्वतंत्र मेदिची कुटुंबातले. तरी त्यांच्या पोपपदाच्या कुलचिन्हात तेच सहा गोळे दिसतात, कारण मोठ्या घराशी नाते सांगणे दोन्ही बाजूंना सोयीचे होते. 1849 मध्ये रोमच्या बचावात नाव कमावलेला जाकोमो मेदिची हाही मिलानमध्येच जन्मलेला. याउलट, नेपल्सच्या राज्याचा कारभार पाहणारा आणि व्हिएन्ना काँग्रेसमध्ये त्या राज्याची बाजू मांडणारा लुइजी दे मेदिची (1759–1830) हा फ्लोरेन्सच्याच एका धाकट्या पातीचा वंशज होता. व्यवसायावरून आलेले आडनाव अनेक ठिकाणी स्वतंत्रपणे उगवते. नागपूरचे वैद्य आणि कोकणातले वैद्य एकमेकांचे भाऊबंद असतीलच असे आपण धरत नाही, तसे येथेही धरू नये.

फ्लोरेन्सची मुख्य पाती 1737 मध्ये जान गास्तोनेच्या मृत्यूने खुंटली. त्याची बहीण आन्ना मारिया लुईझा हिने करार करून घराण्याचा सारा कलासंग्रह फ्लोरेन्सबाहेर कधीही जाऊ नये अशी अट घातली, आणि तो आजही तेथेच आहे.

विशेषण ‘मेदिचेओ’ असे होते. गॅलिलिओने 1610 मध्ये गुरूचे चार उपग्रह जाहीर केले तेव्हा टस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोसिमो याच्या नावावरून त्यांना ‘कोस्मिका’ म्हणावे असे आधी योजले होते. दरबाराने ‘मेदिचेआ’ला पसंती दिली तोवर छपाई सुरू झाली होती, म्हणून काही प्रतींत जुन्या शब्दावर नव्या शब्दाची छापील चिठ्ठी डकवलेली आहे. मराठीत या उपग्रहांना ‘मेदिची तारे’ म्हणावे. ‘मेदिचीय’ हे रूप मला कृत्रिम वाटते.

आणखी एक भर

हे आडनाव आपल्यापासून तितके दूर नाही, म्हणून दोन ओळी. जुन्या गोव्यातील बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांची चांदीची पेटी ज्या संगमरवरी चौथऱ्यावर आहे, तो टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो दे मेदिची याने दिलेला. फ्लोरेन्सचा शिल्पकार जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जिनी याने तो घडवला आणि 1698 मध्ये येथे उभारण्यात आला. त्यावरच्या ब्राँझच्या फलकांत संतांच्या आयुष्यातले प्रसंग आहेत. वर पेटीकडे पाहताना ते नजरेतून सुटतात, म्हणून आधी खाली पाहावे. त्याच्याही शंभर वर्षे आधी फिलिप्पो सास्सेत्ती हा फ्लोरेन्सचा व्यापारी कोची आणि गोवा येथे राहिला आणि 1588 मध्ये गोव्यातच वारला. त्याच्या पूर्वजांपैकी एक मेदिचींच्या पेढीचा मुख्य कारभारी होता. सास्सेत्तीने येथून घरी धाडलेल्या एका पत्रात संस्कृत आणि इटालियन शब्दांतले साम्य नोंदवले आहे: सप्त आणि सेत्ते, अष्ट आणि ओत्तो, नव आणि नोव्हे, सर्प आणि सेर्पे. फ्लोरेन्सचा एक माणूस चारशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्या किनाऱ्यावर बसून शब्दचर्चा करीत होता.

मूळ पृच्छकाकडून

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखातील वाक्य आता पुढीलप्रमाणे केले आहे: ‘मेदिचींच्या पेढीच्या शाखा रोम, व्हेनिस, ब्रूज आणि लंडन येथे होत्या, आणि 1494 मध्ये घराणे फ्लोरेन्समधून हद्दपार झाले तेव्हा पेढीही संपली.’ पहिल्या उल्लेखाला ‘मेदिची म्हणजे वैद्य’ अशी छोटी टीप जोडली असून, ऱ्हस्व दि प्रुफात कोणी दीर्घ करू नये म्हणून मुद्रितशोधकांसाठी समासात स्वतंत्र सूचना लिहिली आहे.